घरी ट्रेडमिल घ्यायची आहे, कोणत्या चुका टाळू?

पाणंद (ता. सिंदेवाही)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढून राहिलो, सांभाळून घ्या जी.

आई ५९ ची. शुगर आहे, गुडघे कुरकुरतात. डॉक्टरनं रोज अर्धा-पाऊण तास चालायला सांगितलं. आधी ती पहाटेच बांधीपर्यंत जाऊन यायची, कोणी सांगायची गरजच नव्हती. पण आता आमच्याकडे वाघाचं काय सुरू आहे ते तुम्ही पेपरात वाचताच. एकट्यानं सकाळ-संध्याकाळ बाहेर पडू नका म्हणून गावात सांगून जातात. अन दुपारी चालावं तर उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात. म्हणून म्हटलं ट्रेडमिलच घेऊन टाकू. बजेट २५-३० हजार. ऑनलाइन पाहिलं तर १२ हजारापासून लाखापर्यंत आहेत, सगळ्यांना चार-चार स्टार, कोणी म्हणते २ एचपी, कोणी ४, एक तर ५.५ एचपी. आमच्या विहिरीवरची मोटर ३ एचपीची आहे अन ती अख्खी बांधी भिजवते. आईला चालवायला ५.५ कायले पाहिजे?

ज्यांनी घेतली अन पस्तावले त्यांनी आधी सांगा.

ठेचा_भाकर
पहिला नंबर माझा. ट्रेडमिल घेतानाची पयली चूक म्हंजे ट्रेडमिल घेणं. आमच्या घरची दोन वर्सापासून वलनीचं काम करून रायली. टावेल, चादरी, गोधड्या, सारं वाळते. फोल्ड केली तं उभ्यानं बी वाळते.

धुऱ्यावरचा (राळेगाव)
पाणंद भाऊ, वाघाचं तुम्ही आम्हाले नका सांगू. २०१८ च्या नोव्हेंबरात अवनी वाघीण मारली गेली तवापर्यंत आमच्या इकडं लोकं वावरात टोळीनंच जात, चालाले कोन जाते. मी थ्याच टायमाले घेतली होती.

माह्या चुका सांगतो, मोजून घ्या. वेबसाइटवर लिवलं होतं घरपोच. ट्रान्सपोर्टवाल्यानं तालुक्याच्या गोडाऊनवर टाकली अन फोन केला या घेऊन जा. खोकं सत्तर किलोचं. छोटा हत्ती केला, चार पोट्टे बोलावले, त्याईचा चहा-नाश्ता, अन घरी आणली तं दरवाजातून जायेच ना. जुनं घर हाय, चौकट हाय पावणेदोन फुटाची. शेवटी खोकं अंगणात फोडलं, मशीन आडवी करून, हँडल काढून आत नेली. तवापासून थे खोलीतून बाहेर आली नाई अन येनार बी नाई, मी मेलो तरी. तं पयले टेप घेऊन दरवाजा मोजा, मंग मशीन पाहा. खोक्याचं माप वेगळं असते अन मशीनचं वेगळं, दोन्ही इचारा.

मोटर ४ एचपी लिवली होती. माह्या वजनानं (९६) सात-आठ महिन्यात जळका वास याले लागला.

मोटारवाइंडिंग (कारंजा लाड)
या एचपीच्या भानगडीत सगळेच फसतात, तुम्ही विहिरीच्या मोटरची बरोबर तुलना केली. माझं वाइंडिंगचं दुकान आहे, पंपाच्या मोटरी भरतो, मागच्या काही वर्षांत ट्रेडमिलच्या पण याले लागल्या.

पंपावर जो एचपी लिहिला असतो तो मोटर सतत ओढू शकते असा. ट्रेडमिलच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात जो असतो तो पीक, म्हणजे क्षणभर जास्तीत जास्त किती जोर लावेल तो आकडा. खरा आकडा कंटिन्युअस एचपी, तो बारीक अक्षरात असतो नाहीतर नसतोच. हिशोब करून पाहा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. ५.५ एचपी म्हणजे ४१०० वॅट झाले. २३० नं भागा, जवळपास १८ अँपियर. अन मशीनला पिन कोणती आहे? जास्तीत जास्त १६ अँपियरची. मग हे ५.५ येणार कुठून? काही मशीनला तर साधी ६ अँपियरची पिन असते, त्यातून १३८० वॅट, म्हणजे पुरते दोन एचपी पण नाहीत.

आणखी एक, ही कोणी सांगत नाही. लोक म्हणतात आम्हाला पळायचं थोडीच आहे, हळू चालायचं आहे, लहान मोटर चालेल. उलटं आहे. स्वस्त मशीनमध्ये डीसी मोटर असते अन तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. पट्टा हळू फिरला की पंखा पण हळू, हवा कमी. वरून जड माणूस हळू चालला की पाय पट्ट्यावर जास्त वेळ दाबून राहतो, मोटर जास्त करंट ओढते. म्हणजे जास्त गरम अन कमी थंड. धुऱ्यावरचा भाऊ, तुमचं हेच झालं.

आईचं वजन किती? त्याच्यावर २५-३० किलो तरी जास्त क्षमता लिहिलेली घ्या. कंटिन्युअस दीड ते दोन एचपी चालण्यापुरतं पुरते. दुकानदार कंटिन्युअस सांगत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

ठेचा_भाकर
वाइंडिंग भाऊ, माही जळूच शकत नाई. गोधडी चालत नसते.

सरकी
मी वर्धा जिल्ह्यातली. कोणीच हे लिहिलं नाही म्हणून लिहिते, कापूस!! आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, सगळ्यांकडेच तसंच. ट्रेडमिल ठेवायला जागा कुठली, तर तीच मागची खोली, एका बाजूला कापसाचा ढीग आणि एका बाजूला मशीन. जानेवारीत मोटरचं वरचं झाकण उघडलं तर आत इतकी रुई की समईच्या वर्षभराच्या वाती वळता आल्या असत्या. त्यात मोटर गरम. नशीब, काही पेटलं नाही. मशीन आणि कापूस एका खोलीत ठेवू नका, सोयाबीन काढणीच्या दिवसात तर झाकून ठेवा. महिन्यातून एकदा प्लग काढून (आधी प्लग काढून!) झाकण उघडून ब्रशनं झटकायचं, ओल्या फडक्यानं नाही.

आणि उंदीर. वायर कुरतडली ती वॉरंटीत बसत नाही म्हणाले.

पाणंद
आमच्याकडे कापूस नाही, धान आहे. पण उंदीर मोप आहेत. खोली कवेलूची आहे, वरून माती पडत राहते, तिथं ठेवणार होतो. आता विचार करावा लागते. आईचं वजन ७२.

संत्रानगरी
नागपूरहून. मित्रा राग मानू नकोस पण खाली-पिली ३० हजार घालवून राहिला. आईला घराच्या अंगणातच फेऱ्या मारू दे. माझे बाबा फ्लॅटच्या पार्किंगमध्ये रोज ५००० पावलं चालतात, फुकटात. मशीनवर चालणं अन जमिनीवर चालणं यात जमीन कधी पण भारी.

धुऱ्यावरचा
संत्रा भाऊ, तुमच्या पार्किंगमदी वाघ येते काय?

संत्रानगरी
बिबट्या येऊन गेला ना नागपुरात पण. पण मुद्दा तो नाही बे, अंगण कंपाउंडच्या आत असते.

पाणंद
आमच्या अंगणाला कंपाउंड म्हणजे काट्याची कुंपी आहे जी. मागच्या साली शेजारच्या गोठ्यातून वासरू नेलं. शहरातल्या माणसाले वाघ म्हणजे जिप्सी अन कॅमेरा. आई पहाटे पाचला उठते, त्या टायमाले मी तिले सपरीच्या खाली उतरू देत नाही, मी स्वतः लघवीले जातो तर आधी टॉर्च मारून पाहतो.

संत्रानगरी
माफ कर भाऊ. खरंच एवढं डोक्यात नव्हतं आलं.

मास्तर (तिवसा)
वाद मिटला असेल तर थोडी माहिती, विषयाला धरून की सोडून ते तुम्ही ठरवा. ही ट्रेडमिल मुळात तुरुंगातली. १८१८ च्या सुमारास इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक केलं. कैदी दिवसभर त्यावर चढायचे, चाक फिरायचं, कुठे त्यावर धान्य दळलं जायचं, कुठे पाणी उपसलं जायचं, आणि कुठे काहीच नाही, नुसतं चाक. पुढं १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञानं रोग्याला पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची पद्धत बसवली. आपण दवाखान्यात टीएमटी करतो ती हीच. घरात यायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली.

ठेचा_भाकर
म्हंजे इंग्रजाच्या जेलातली शिक्षा आपन ईएमआयवर घेऊन रायलो.

सरकी
😂😂 ठेचा भाऊ. माझी सासू पण हेच म्हणाली होती, तिला मास्तरांचं माहीत नव्हतं तरी. "दळण तरी निघते का याच्यातून?"

फिजिओताई (अकोला)
मास्तर, टीएमटी छान आठवली, त्यावरूनच सांगते. त्या टेस्टची पहिली पायरी ताशी २.७ किमी असते पण पट्टा १० टक्के चढावर असतो. म्हणजे वेग कमी म्हणून काम कमी असं नसतं, चढ लावला की काम वाढतं. पाणंद, आईसाठी चढ शून्य ठेवा निदान पहिले दोन महिने, गुडघे आहेत म्हणून. काही स्वस्त मशीनमध्ये मॅन्युअल इन्क्लाइन असतो, म्हणजे मागचे-पुढचे पाय फिरवून एकदाच सेट करायचा, तो कंपनीतून चढावरच येऊ शकतो. बसवताना बघा.

बिनमोटरची मॅन्युअल ट्रेडमिल कोणी सुचवेल (८-१० हजारात मिळते, लाइटची कटकट नाही), ती अजिबात नको. त्यात पट्टा आपल्याच पायानं मागे ढकलावा लागतो, म्हणून ती चढावरच असते, आणि म्हाताऱ्या माणसाला हँडल गच्च धरून वाकून ढकलावं लागतं. वॉकिंग पॅड (जमिनीवरचा नुसता सपाट पट्टा) पण नको, त्याला धरायला काही नसतं. दोन्ही बाजूंनी लांब हँडल असलेली घ्या, पुढे नुसतं टेकू असतो तसली नाही.

शुगर आहे तर पायाला बधिरपणा आहे का ते आधी डॉक्टरांना दाखवा. अनवाणी चालू देऊ नका, चप्पल पण नाही, बूट. रोज झाल्यावर तळपाय बघायचे. आणि छातीत दुखणं, धाप, बीपी असं काही असेल तर मशीन यायच्या आधी डॉक्टर.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं दोनदा केली तरी चालतं. चालता चालता दोन शब्द बोलता आले पाहिजेत, इतकाच वेग.

सरकी
ताई, लुगड्याचं सांगा! आमच्या शेजारी काकूंचा पदर मागच्या रोलरमध्ये गेला होता, सेफ्टी की कमरेला लावली नव्हती म्हणून मशीन थांबेचना. मुलानं धावत येऊन प्लग ओढला. खरचटण्यावर भागलं.

फिजिओताई (अकोला)
हो, हे सगळ्यात महत्त्वाचं राहिलं बघा. लाल दोरीची जी क्लिप असते ती कपड्याला लावायचीच, माणूस मागे सरकला की चावी निघते आणि पट्टा थांबतो. साडी असेल तर पदर खोचून, घोट्याच्या वर. खरं तर पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पॅन्ट. आया ऐकत नाहीत ते माहीत आहे.

लहान मुलं असतील घरात तर काम झाल्यावर चावी काढून वर ठेवायची, प्लग काढायचा. २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीनं एक महागडी ट्रेडमिल परत बोलावली, लहान मुलं आणि पाळीव जनावरं पट्ट्याखाली ओढली जात होती, एक मूल दगावलं. महाग आहे म्हणून धोका नाही असं नसतं.

पाणंद
आईले ट्रॅक पॅन्टचं म्हटलं. हसत हसत चुलीपाशी गेली, अजून हसूनच राहिली. नातू दोन वर्षाचा आहे घरात, चावी मिठाच्या बरणीच्या मागे ठेवीन.

विठूचा_गडी (मंगरूळपीर)
तेलाचं कोनी लिवलं नाई. पट्टा अन खालची फळी याच्यात दोन-तीन महिन्यानं तेल टाका लागते, नाईतर पट्टा घासते, मोटरीवर जोर येते. आमच्या बापानं काय केलं, सिलिकॉनचं तेल तालुक्यात भेटेना तं घरचं जवसाचं टाकलं. म्हने जवसाचं शुद्ध घानीचं हाय, माणसाले चालते तं मशीनले काऊन नाई. आठ दिवसात पट्टा फळीले असा चिकटला का मशीन चालू केली तं नुसतं घुं घुं अन फ्यूज गेला.

मोटारवाइंडिंग (कारंजा लाड)
🙏 जवस! काका, जवसाचं तेल हवेत वाळून वार्निश होते, म्हणूनच क्रिकेटच्या बॅटला अन लाकडाला लावतात. एरंडी, शेंगदाणा, गाडीचं ऑइल, ग्रीस, गंजाचा स्प्रे, काहीच टाकायचं नाही. फक्त सिलिकॉन ऑइल, तेही थोडंसं. मशीनसोबतच दोन बाटल्या मागून घ्या. पट्टा एका बाजूला सरकला तर मागच्या बोल्टला एकदम पाना नका लावू, पाव फेरा द्यायचा अन दोन मिनिट चालवून पाहायचं. थ्रेशरच्या पट्ट्यासारखा ताणून बांधला तर बेरिंग जाते.

अन तुमच्या गावचा व्होल्टेज किती आहे ते आधी पाहा. मीटर नसेल तर वायरमनला बोलवा. सकाळी ५ ला, अन संध्याकाळी ७ ला. शेतीच्या पंपांचा लोड ज्या पाळीला असते त्या टायमाला पण. गावठाण फीडर (गावातल्या घरांची लाइन) वेगळा असेल तर बरं, नसेल तर १७०-१८० पर्यंत पण पडते. तेवढ्यावर मशीन ओढून ओढून करंट घेते अन कंट्रोलचं बोर्ड जाते. मोटर परवडली, बोर्ड नाही. वॉरंटीत मोटरला पाच वर्षं लिहितात अन बोर्डाला एकच, ते मुद्दाम वाचा. अन ती वॉरंटी तुमच्या पिनकोडला आहे का ते पण. मेकॅनिक नागपूरच्या बाहेर निघत नाही म्हणाला तर पाच वर्षाचा कागद घेऊन काय करता.

अर्थिंग पाहिजेच. धातूचं अंग, घामाचा माणूस.

धुऱ्यावरचा
पिनकोडवरून आठोलं. माह्या टायमाले मेकॅनिक म्हने व्हिडिओ कॉल करा, मी सांगतो तसं खोला. मी खोललं, रेंज गेली, अर्धी खोललेली मशीन घेऊन मी बसलो.

संत्रानगरी
इन्व्हर्टरवर चालते का? की लाइट गेली तर पंचाईत?

मोटारवाइंडिंग (कारंजा लाड)
घरचा ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर पंखा-लाइटसाठी आहे. त्याच्यावर लावू नका. लाइट गेली की पट्टा थांबते, माणूस पुढे झोक खाते, म्हणून हँडलपाशी हात पाहिजे. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही ना ते दुकानातच मेन बंद-चालू करून पाहून घ्या.

मास्तर (तिवसा)
बिलाची कोणी काळजी केली नाही. माझ्या घरी तासाला साधारण अर्धा युनिट जातं चालण्याच्या वेगात. महिन्याला अर्धा तास रोज म्हणजे सात-आठ युनिट. त्या मानानं कूलर जास्त खातो. फक्त १०० युनिटच्या काठावर असाल तर पुढच्या स्लॅबचा दर लागेल.

ठेचा_भाकर
मास्तर, माहं महिन्याले शून्य युनिट. सगळ्यात किफायतशीर ट्रेडमिल महाराष्ट्रातली.

पाणंद
मंडळी, चार दिवस झाले, सांगतो काय केलं ते.

वायरमन आला. सकाळी ५ ला २२६, संध्याकाळी ७ ला १८८. म्हणजे आईचं पहाटेचंच टायम ठीक आहे. अर्थिंग नव्हतीच, नुसती तार खिडकीच्या गजाला बांधली होती, बाबाच्या काळची. आता मागे खड्डा खणून कोळसा-मीठ टाकून पाइप घातला. कवेलूच्या खोलीत नाही, सपरीला लागून स्लॅबची खोली आहे तिथं ठेवणार, दरवाजा ३१ इंच भरला.

मग आईला घेऊन मामाकडे मूल गावाला गेलो, त्यांच्या शेजारी मशीन आहे. आई लुगड्यातच चढली, पदर खोचून. आधी एकच्या स्पीडवर दोन्ही हातानं धरून, मग अडीचवर. वीस मिनिटं चालली. उतरली अन म्हणते, एवढी चालली पण बांधी काही आली नाही. आवडली तिले. फक्त पट्टा अरुंद वाटला, पाय बाजूच्या कडेवर जात होता. तिथला ३८ सेंटिमीटरचा होता, आता ४२-४५ चा पाहतो.

नवीन घ्यायची तर बजेटात नीट बसत नाही, वाइंडिंग भाऊनं सांगितलेलं सगळं धरलं तर ४० च्या वर जाते. ठेचा भाऊ, एक विचारू का, राग नका मानू. तुमची कोणती आहे? किती चालली आहे? विकता का?

ठेचा_भाकर
आँ? 😳

ठेचा_भाकर
थांबा, खाली वाकून पायतो. कंटिन्युअस २ एचपी लिवलं हाय, वजन ११० किलो, पट्टा ४६. मी दिवाळीच्या पंधरा दिवस चाललो होतो, त्याच्यानंतर कोनीच नाई. घेतली होती ५२ ले.

मोटारवाइंडिंग (कारंजा लाड)
पाणंद, घ्यायच्या आधी त्याच्यावर तुम्ही स्वतः २० मिनिट चाला, नुसती रिकामी फिरवून पाहू नका. मग झाकणावर हात ठेवून पाहा, चटका बसते का. पट्ट्याची खालची बाजू मधोमध गुळगुळीत होऊन चमकते का ते पाहा. सेफ्टी की ओढून पाहा. दोन वर्षं बंद आहे तर तेल वाळलं असेल, आधी सिलिकॉन टाकूनच सुरू करा. अन बिल मागा, त्याच्याशिवाय बोर्डाचा नंबर मिळवताना जीव जाते.

धुऱ्यावरचा
ठेचा भौ, दरवाजातून निघते ना पयले पाहा.

ठेचा_भाकर
निंगते. १८ हजार द्या, तेलाची बाटली सीलपॅक हाय थे फुकट. पन पाणंद भाऊ, दोन दिवस थांबा लागन. बायकोले सांगतलं तं ते म्हने मंग गोधड्या कुठी वाळू घालू? पयले अंगणात तार बांधून मांगून रायली.

पाणंद
तार मी घेऊन येतो जी.